चोवीस भोकांची पेटी

दवाखान्यात तिला थुंकीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं कानापर्यंत पोचायला दवाखान्यात कितीसा वेळ लागतो? तिला त्याचा राग नव्हता. जिनं उभं आयुष्य लोकांचा कफ गोळा करण्यात घालवलं, तिला लोक काय गुलाबबाई म्हणणार? घरी मात्र ती धाकटी होती. केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. आपणही तिला धाकटीच म्हणू, कारण ही गोष्ट जेवढी तिची आहे तेवढीच तिला धाकटी म्हणणाऱ्याची आहे.

तो तिचा दादा. सुतार. वडीलही सुतारच होते. ते खोकत खोकत गेले आणि दादानं शाळेचं दप्तर खुंटीला टांगून रंधा हातात घेतला. धाकटीचा अभ्यास कामाच्या बाकाच्या एका टोकाला चालायचा आणि दुसऱ्या टोकाला दादा लाकूड तासायचा. तिच्या पुस्तकांच्या पानापानांत भुसा असे. वर्गात वही उघडली की तो मांडीवर सांडायचा. "बरंच आहे," दादा म्हणायचा, "डोक्यात काय भरलंय ते बाईंना आधीच दिसतं, परीक्षेचा त्रास नाही." असला हा माणूस. बहिणीला शिकवलं, पण शिकवल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. उलट ती पहिली आली की म्हणायचा, "बाकीची पोरं आजारी होती का गं?"

लाकडाची भुकटी, बंद खोलीतला पॉलिशचा वास, आणि भुकटीनं घसा कोरडा पडतो म्हणून वर सिगारेट. एवढं सगळं झाल्यावर फुप्फुसं तरी किती दिवस गप्प बसतील? आधी जिना जड झाला. मग चालता चालता बोलणं बंद झालं; बोलायचं तर थांबायचं, चालायचं तर गप्प राहायचं. मग एके दिवशी शर्टाची बटणं लावताना मध्येच बसावं लागलं. धाकटी तोवर शास्त्रज्ञ झाली होती आणि नेमका हाच आजार घेऊन बसली होती. लग्न केलं नाही. "हिचं फुप्फुसाशी लागलंय," वहिनी चेष्टा करायची, "सवतीसारखा जीव खातंय ते तिचा." चेष्टाच ती, पण अगदीच खोटी नव्हती.

तिचं काम सांगायला सोपं आहे, करायला महाकठीण. आपल्या अंगात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. त्यांच्याजवळ एन्झाइम असतात, म्हणजे कात्र्याच समजा. त्या कात्र्यांनी पेशी जंतूंना कापतात, काम झालं की मरतात. पण फुप्फुसात रोज धूर आणि धूळ जात राहिली तर ही फौज परतच जात नाही. दाह सुरू होतो. आतून सगळं सुजतं, लाल होतं, कफ सुटतो, आणि कात्र्या जंतू सोडून फुप्फुसाची लवचीक जाळीच कापायला लागतात. एकदा फाटलेली जाळी पुन्हा विणता येत नाही. अशा कात्र्या बऱ्याच आहेत, आणि त्यांतल्या एकीवर धाकटीचा संशय होता. तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. लॅबमध्ये तिला कैदाशीण म्हणत. आजारी माणसांच्या कफात ही कैदाशीण जास्त सापडते का, एवढंच बघायचं होतं. जास्त सापडली तर तीच फुप्फुस खाते असं म्हणायला आधार मिळाला असता, आणि मग तिचे हात बांधणारं औषध शोधता आलं असतं.

सुरुवातीला वॉर्डातून कफाच्या डब्या एकेक करून यायच्या. ज्याला सकाळी खोकला सुटला त्याची डबी वॉर्डबॉय खिशात टाकून आणायचा. कधी सांडायची, कधी कुणाची कुणाच्या नावावर चढायची. आकडे यायचे तेही असेच, ना धड इकडे ना धड तिकडे. आजाऱ्यांत आणि निरोग्यांत फरकच दिसेना. धाकटी वैतागली. एका रविवारी दादाकडे गेली आणि म्हणाली, "दादा, सहा डब्या मावतील अशी एक छोटी पेटी करून देतोस का? नुसती सांडायला नको."

"वॉर्डात खाटा किती?"

"चोवीस. पण मला सहाच—"

"कळलं."

महिनाभरानं पेटी आली ती चोवीस भोकांची. प्रत्येक भोकाला आतून जाड लोकरी कापड, झाकणाला पितळी बिजागऱ्या, कोपरे असे जुळवलेले की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. दादा त्या वेळी पाच मिनिटं काम आणि दहा मिनिटं दम अशा हिशेबानं जगत होता. धाकटीला ते दिसत होतं. म्हणून ती रागावली.

"अरे, नाकापेक्षा मोती जड झाला हा!"

"तुझं काम मोठं आहे," दादा म्हणाला. "पेटी लहान कशी चालेल?"

धाकटीनं पेटी उचलली आणि घेऊन गेली.

वॉर्डची सिस्टर म्हणजे टापटिपीचं दुसरं नाव. चादरीला सुरकुती दिसली तर पेशंटलाच दोष द्यायची. पेटी बघून ती हरखली. भरल्याशिवाय खाली पाठवायची नाही हा नियम तिचाच. "एवढी देखणी पेटी अर्धीमुर्धी पाठवायची म्हणजे दात पडलेलं तोंड घेऊन फोटो काढल्यासारखं," ती म्हणायची. मग कुणाला उठल्या उठल्या कफ सुटायचा, कुणाला वाफ घेतल्यावर, कुणाला नाश्त्यानंतर पाठीवर थापट्या मारल्यावर. पहिली डबी शेवटच्या डबीची वाट बघत बसायची. पेटी ठेवायला मोकळी जागा एकच होती, भांडी उकळायच्या यंत्रावरची फळी. तिथं सांडायची भीती नव्हती, कुणाचा धक्का लागायची भीती नव्हती. दुपारच्या आत पेटी गच्च भरून, नावं नीट लावून, खाली लॅबमध्ये यायची. धाकटी सिस्टरला दुवा द्यायची. निरोगी लोक, म्हणजे लॅबमधलीच माणसं, लॅबच्या प्रमुख सरांचा ड्रायव्हर, नर्सिंगच्या मुली, हे मात्र लॅबमध्येच येऊन मिठाच्या पाण्याची वाफ घेत, खोकत, आणि त्यांची डबी तिथल्या तिथं बर्फात जायची.

आता तुम्हाला कदाचित इथंच कळलं असेल. धाकटीला कळलं नाही. तिच्या सरांना कळलं नाही, तिचे लेख तपासणाऱ्यांना कळलं नाही, लांबून विमानानं येऊन तिच्या पाठीवर थाप मारून गेलेल्यांना कळलं नाही. कारण पेटी आली आणि आकडे असे लख्ख बोलायला लागले की विचारता सोय नाही. आजाऱ्यांच्या कफात कैदाशीण निरोग्यांच्या कितीतरी पट! पेटीच्या आधीचे आकडे धाकटीनं बाजूला काढले. तेव्हा आमचा हात बसला नव्हता, असं तिनं सगळ्यांना सांगितलं आणि तिचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास होता. खोटेपणा त्यात कणाचा नव्हता. आपल्याला हवं ते उत्तर आलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो, एवढंच झालं.

वर्षं गेली. कैदाशिणीचे हात बांधणारं औषध दुसऱ्या एका गटानं तयार केलं. प्राण्यांवर वापरून झालं. त्यात एक अडचण निघाली: कात्रीच बांधली की जंतूंचं फावतं, काही प्राणी न्यूमोनियानं मेले. पण फायदा मोठा आहे म्हटल्यावर तेवढा धोका पत्करायचं ठरलं आणि माणसांवरच्या चाचणीची तारीख लागली. पहिल्या गटात दादाचं नाव होतं.

दादानं ही बातमी गल्लीभर केली. जिना उतरता येत नव्हता, पण खिडकी होती. खिडकीतून जाणाऱ्या येणाऱ्याला थांबवून सांगायचा, दोन शब्दांमागे एक श्वास घेत, "आमच्या धाकटीनं... औषध काढलंय." औषध तिनं काढलेलं नाही हे तिनं दहा वेळा समजावलं. त्याचं एकच उत्तर, "चोर तूच पकडलास ना?"

खोली एवढीशी. त्यात खाट, ऑक्सिजनचं यंत्र आणि ते जुनं कामाचं बाक. वहिनी वैतागली होती. "ते बाक आता काढू या, खाटेभोवती फिरायला तरी जागा होईल."

"आणि औषध लागू पडल्यावर काम कशावर करू?" दादा म्हणायचा. "तुझ्या डोक्यावर?"

वहिनी हसायची आणि बाकाला फडकं मारायची. रोज. त्यावर ठेवलेली अवजारं उचलून, पुसून, जागच्या जागी ठेवायची.

चाचणीच्या आधी प्रत्येकाच्या कफाची मोजणी हवी होती. दादाला दवाखान्यात आणणं शक्य नव्हतं, म्हणून धाकटी बर्फाचा थर्मास घेऊन सकाळी घरी गेली. दादानं कफ काढला, तिनं डबी लगेच बर्फात ठेवली, लॅबमध्ये नेली, मोजली. कैदाशीण जवळजवळ नव्हतीच. निरोग्यांइतकीच.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. वेड्यासारखा. दादाचा आजार आपण समजलो तेवढा नाही की काय? पण दादाचा श्वास तर तिनं आत्ताच ऐकला होता. मग वाटलं, रसायन बिघडलं असेल. नवी बाटली फोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरी गेली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी लॅबच्या दारात पेटी येऊन पडली, नेहमीसारखी गच्च भरलेली. तिनं ती उचलली आणि तळाला हात लागला. पेटी कोमट होती. लोकरी कापडातून, जाड लाकडातून, यंत्रावरच्या फळीची ऊब अजून येत होती.

ती तिथंच उभी राहिली. मग झाकण उघडून तिनं एकेका डबीला बोट लावून पाहिलं.

त्यापुढचं काम तिनं कुणाला न सांगता केलं. दादाच्या कफाचे दोन वाटे केले. एक बर्फात ठेवला, दुसरा पेटीत घालून यंत्रावर, वॉर्ड देईल तेवढा वेळ. बर्फातला होता तसा राहिला. पेटीतल्या वाट्यात कैदाशीण भरभरून. सरांच्या ड्रायव्हरचा कफ पेटीत ठेवला, तिथंही वाढली, फक्त त्याच्या कफात पेशीच कमी म्हणून थोडी कमी. मग बर्फाची बादली घेऊन ती स्वतः वॉर्डात गेली आणि खाटेखाटेपाशी उभी राहिली. "काय थुंकीबाई, आज आइस्क्रीम वाटताय का?" एक म्हातारा म्हणाला आणि अख्खा वॉर्ड हसत हसत खोकला. तिनं सगळ्यांच्या डब्या तिथल्या तिथं बर्फात घातल्या. संध्याकाळपर्यंत आकडे समोर होते. फरक नव्हता. कुणाच्यातही नव्हता. डबीत वाट बघता बघता पेशी मरत होत्या, फुटत होत्या, आणि त्यांच्या पोटातल्या कात्र्या बाहेर सांडत होत्या. कैदाशीण फुप्फुसात नव्हतीच. ती डबीत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास ओढणारी आपण.

ती स्टुलावर बसून रडली. आपल्या इतक्या वर्षांसाठी नाही. ते रडणं नंतर आलं, तुकड्यातुकड्यानं. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे खिडकीतला दादा होता.

सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आले होते आणि हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव गाजलेलं काम होतं. त्यांनी आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"चाचणी तोंडावर आलीय," ते म्हणाले. "सुरू तर होऊ दे. कदाचित औषध वेगळ्याच कारणानं लागू पडेल. असं झालंय विज्ञानात."

"सर, न्यूमोनिया."

"तेवढा धोका आपण धरलेलाच होता."

"फायदा आहे म्हणून धरला होता. आता कशासाठी धरायचा?"

त्यांनी आकड्यांचा कागद टेबलावर पालथा ठेवला. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "कुणी विचारलं नव्हतं आपल्याला." मग फोन उचलून त्यांनी चाचणी थांबवायला सांगितली.  प्रसिद्ध झालेलं सगळं मागे घेतलं. पाठीवर थाप मारणाऱ्यांतल्या कुणाचाही फोन आला नाही.

दादाला सांगायला ती सकाळी गेली. तो खाटेच्या कडेला बसला होता, पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. आताशा तो तसाच बसायचा. पाठ टेकली की श्वास अडायचा. वहिनी कोपऱ्यात चहा गाळत होती.

"दादा, औषध मिळणार नाही."

"पुढं ढकललं?"

"नाही. बंदच केलं. मी चुकले. मी जिला धरलं होतं तिचा काही गुन्हाच नव्हता."

वहिनीच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. दादा श्वास जुळवत राहिला. मग म्हणाला, "चुकलीस कशात?"

सुतार माणूस. खुर्ची डुगडुगली तर कुठला पाय तोकडा, हे तो विचारणारच.

"डब्या खाली यायला उशीर व्हायचा. तेवढ्यात त्या खराब व्हायच्या."

"उशीर कशानं?"

"सगळ्यांच्या जमेपर्यंत थांबायच्या."

"कुठं थांबायच्या?"

धाकटीची नजर जमिनीकडे गेली. ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. दादानं आपल्या तळहातांकडे पाहिलं, मग बाकाकडे.

"तू सहाच सांगितली होतीस," तो म्हणाला.

"दादा, पेटीचा काही संबंध नाही."

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. भुसा भरलेल्या वह्यांच्या वेळेपासून तो तिचा चेहरा वाचत आला होता. पण त्यानं ते दाखवलं नाही. "बरं," म्हणाला.

वहिनीनं चहाचे कप आणून ठेवले. कुणी हात लावला नाही. "म्हणजे आता काहीच नाही?" ती म्हणाली. कुणाला विचारलं ते तिलाही ठाऊक नसावं. आणि मग तिचा बांध फुटला. "इतकी वर्षं तू म्हणालीस म्हणून आम्ही वाट बघितली गं! तू म्हणालीस म्हणून!"

"गप्प बस," दादा म्हणाला. मग धाकटीला, "पुन्हा करशील ना पण? नीट?"

"हो," धाकटी म्हणाली.

हे दुसरं खोटं. लॅबमधला तिचा नमुन्यांचा फ्रीझर दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. तिच्याकडे आता नव्या मुलांना उपकरणं कशी धुवायची ते शिकवायचं काम होतं. ज्या बाईची इतकी मोठी चूक निघाली तिच्या संशोधनाला कोण दारात उभं करणार? चूक तिनं स्वतःच शोधली, स्वतःच सांगितली, याचं लोकांना कौतुक होतं; पण ते लांबूनच.

निघताना दादा म्हणाला, "पेटी आणून दे मला. तिथं आता काय करायचीय?"

तिनं दुसऱ्याच दिवशी आणून दिली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. त्या पेटीकडे बघवत नव्हतं.

मग थंडी आली आणि दादाचं सगळंच उतरणीला लागलं. धाकटी एक दिवसाआड जायची. पूर्वी ती आली की चेष्टामस्करी व्हायची. आता दोघंही बोलायला घाबरत. तो विचारायचा, "सुरू झालं का?" ती म्हणायची, "होतंय." मग दोघंही यंत्राची घुरघुर ऐकत बसत. तिला त्या खोलीत जायची भीती वाटायला लागली होती, आणि आपल्याला भीती वाटते याची शरम. रस्त्यानं येताना ती मुद्दाम लांबच्या वाटेनं यायची. एकदा त्याच्या शर्टावर भुशाचा एक कण दिसला. तिनं तो झटकला. जुना असेल, बाकाच्या फटीतला, असं तिला वाटलं. एवढी निरीक्षण करणारी बाई, पण समोरचं तेव्हाही दिसलं नाही.

फोन आला तेव्हा ती मुलांना नळ्या धुवायला शिकवत होती. पोचली तोवर संपलं होतं. सकाळ अजून सरली नव्हती. शेजारी जमले, डॉक्टर येऊन गेले, जे करायचं ते झालं, माणसं आली तशी परत गेली. संध्याकाळी खोलीत दोघीच उरल्या. ऑक्सिजनचं यंत्र कुणीतरी बंद केलं होतं. इतक्या महिन्यांनी ती खोली गप्प होती आणि ते सहन होत नव्हतं.

वहिनीनं खाटेखालून पेटी ओढून काढली.

"हे तुला द्यायचं होतं त्यांना. तू आलीस की लपवायला लावायचे. मी किती भांडले. डॉक्टरांनी भुकटी वर्ज्य सांगितलीय म्हटलं, तर लाकूड ओलं करून चाकूनं तासायचे. एक खुंटी झाली की दिवस संपायचा. कधी दोन दिवस लागायचे."

धाकटीनं झाकण उघडलं. चोवीसातली अठरा भोकं बुजवलेली होती. प्रत्येकात एक गोल खुंटी, वरून तासून सपाट केलेली, अशी घट्ट की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. लोकरी कापड सगळं काढून टाकलं होतं. सहा भोकं तशीच ठेवली होती. त्या सहांना आतून पातळ पत्रा लावला होता आणि भोवती बर्फ मावेल एवढी जागा कोरली होती.

"म्हणायचे, धाकटीचं काम पुन्हा सुरू होतंय. या खेपेला पेटी बरोबर पाहिजे."

धाकटीनं एकेका भोकावरून बोट फिरवलं. पहिल्या भोकात एक डबी होती. झाकण लावलेली. वर दादाच्या जाड सुतारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'दादा, आज सकाळ.'

"ती आजचीच," वहिनी म्हणाली. "उठल्या उठल्या कफ काढला. डबी तिथं ठेवली. म्हणाले, धाकटीला आत्ता फोन कर, बर्फ घेऊन ये म्हणावं, थांबायचं नाही. मी म्हटलं, चहा टाकते आणि करते. चहा घेऊन वळले तर... मग फोन केला तो दुसराच केला. डबीचं राहूनच गेलं गं. दिवसभर तशीच आहे ती."

दिवसभर. बंद खोलीत, माणसांच्या गर्दीत, खाटेखाली. त्या डबीतल्या सगळ्या पेशी केव्हाच मरून गेल्या होत्या, फुटून गेल्या होत्या. आता तिच्यातून एक अक्षर वाचता येणार नव्हतं, हे अख्ख्या जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि वाचता आलं असतं तरी वाचायचं कुठं? लॅबमधला तिचा फ्रीझर दुसऱ्याच्या नळ्यांनी भरला होता. दादाला तिनं सांगितलं नव्हतं. तो मरेपर्यंत त्या खोट्यावर विसंबून खुंट्या तासत राहिला होता, एकेका श्वासाची उसनवारी करत.

तिनं डबी हातात घेतली. कोमट होती.

"वहिनी," ती म्हणाली, "घरात बर्फ आहे का?"

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता उठली आणि बर्फ बघायला गेली.